हवाई युद्धाची चित्रं आणि आपल्या शेजारी राहणाऱ्या आठवणी (ठाणे / नवी मुंबई)

रंगपेटी (कोलशेत, ठाणे)

७ सप्टेंबर १९६५. आदमपूरहून हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ला करायला निघाली. स्क्वाड्रन लीडर देवय्या यांचं नाव राखीव वैमानिकांत होतं. मुख्य तुकडीतलं एक विमान गळालं आणि ते निघाले. सरगोध्याच्या परिसरात त्यांची गाठ एका एफ-१०४ स्टारफायटरशी पडली. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाऊ शकणारं ते विमान, आणि मिस्टेअर त्याच्या एक पिढी मागचं. देवय्यांचं विमान जबर जखमी झालं, तरी त्यांनी स्टारफायटर पाडलं. त्याचा वैमानिक हवाई छत्रीनं उतरून वाचला. देवय्या परत आले नाहीत.

आपल्या नोंदींत ते नुसते बेपत्ता होते. तिथे काय घडलं हे उलगडायला सीमेपलीकडचे तपशील बाहेर यावे लागले. मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झालं ते १९८८ साली, म्हणजे २३ वर्षांनी.

दोन्ही विमानं पडली, त्यामुळे कुणाच्या गन कॅमेऱ्यात (तोफेबरोबर चालणाऱ्या कॅमेऱ्यात) काही टिपलं गेलं असेल तर तेही गेलं. आज आपण ती लढत 'बघतो' ती चित्रांमधूनच. कुणीतरी बसून दोन्ही विमानांचे आराखडे, सकाळचा सूर्य, उंची आणि दोन्हीकडचे जबाब जुळवले, तेव्हा ते दृश्य पहिल्यांदा दिसायला लागलं.

मी तैलरंगात विमानं रंगवते. हौस आहे, पण गांभीर्यानं केलेली हौस. विमानाचं चित्र म्हणजे घरात टांगायचं जोशपूर्ण पोस्टर, असंच आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. मला ते दस्तऐवज वाटतं, आणि दस्तऐवज म्हटलं की साक्षीदार लागतो. साक्षीदार आपल्या आसपास राहतात. येऊरला आणि आमच्या कोलशेतला हवाई दलाची ठाणी आहेत. निवृत्तीनंतर याच भागात स्थायिक झालेली माणसं मला भेटली आहेत. भाजी घेताना शेजारी उभे असलेले आजोबा १९७१ साली धावपट्टीवर होते, हे आपल्याला ठाऊक नसतं.

सध्या आमच्या संकुलातल्या एका काकांच्या आठवणीवर चित्र करते आहे. ते १९७१ मध्ये उत्तर बंगालात हाशिमारा तळावर हंटर विमानांचे आर्मरर होते. विमानात दारूगोळा भरणं, तोफा तपासणं, बॉम्ब चढवणं हे त्यांचं काम. चित्राचा विषय आकाशातली लढत नाही, ४ डिसेंबरच्या रात्री जमिनीवर चाललेलं काम आहे.

ज्यांच्या घरात अशा आठवणी आहेत त्यांनी इथे लिहा. ज्यांना विमानांतलं कळतं त्यांनी चुका काढा. ज्यांना अशी चित्रं मुळातच पटत नाहीत त्यांनीही लिहा.

एकास बहात्तर (ऐरोली)

धागा फार आवडला. मी चित्रकार नाही, प्लास्टिकची स्केल मॉडेल्स बनवतो. पण मॉडेलवाल्याला चित्रकाराइतकाच रंगांचा अभ्यास करावा लागतो. तिथे काय काय हुकतं ते लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या स्क्वाड्रन्स हरिकेन, व्हेंजन्स आणि पुढे स्पिटफायर उडवत होत्या. अर्जन सिंग यांनी १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत पहिल्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं ते हरिकेनवर. ही विमानं रंगवताना बरेच जण पंखांवर लाल-पांढरं-निळं ब्रिटिश वर्तुळ काढतात. चूक! त्या आघाडीवर वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि घाईत आपलीच तोफ आपल्याच विमानावर चालायची भीती होती. म्हणून गडद निळ्यात फिकट निळा ठिपका. एवढासा ठिपका, पण त्यात त्या आघाडीची सगळी धास्ती आहे. चित्रात तो चुकला की धास्तीही पुसली जाते.

दुसरं उदाहरण १९६५ आणि १९७१चं. ६५च्या सुरुवातीला आपली बरीच लढाऊ विमानं रंगाविना, धातूच्या चकाकीतच उडत होती. ७१ येईतो छद्मरंग (लपण्यासाठीचे हिरवे-मातकट रंग) चढले, पण मिग-२१ना ते तळातळावर, हाताशी असलेल्या रंगांनी चढवले. त्यामुळे एका स्क्वाड्रनचा हिरवा दुसऱ्या स्क्वाड्रनच्या हिरव्याशी जुळत नाही. 'भारतीय मिगचा हिरवा नक्की कोणता' यावर आम्ही मॉडेलवाले अजून वाद घालतो. ज्यांनी स्वतः ब्रश मारले असे तंत्रज्ञ अजून आहेत, त्यांना वेळेत विचारायला हवं.

थोडं अवांतर, खोक्यांवरच्या चित्रांबद्दल. आमच्या पिढीतल्या कित्येकांना विमानांचं वेड लागलं ते मॉडेलच्या खोक्यांवरच्या चित्रांनी. एअरफिक्स या मॉडेल कंपनीसाठी रॉय क्रॉस यांनी १९६० च्या दशकापासून ती चित्रं काढली. पुढे परदेशांतल्या खेळण्यांविषयीच्या धोरणांमुळे त्याच चित्रांतले स्फोट, पडणारे बॉम्ब, जळणारी विमानं पुसून खोकी नव्यानं छापली गेली. विमान तेच, आकाश तेच, युद्ध मात्र गायब. मला ते फार खटकतं. मुलांना युद्ध दाखवू नये असं वाटत असेल तर युद्धविमानच विकू नका. बॉम्बर दाखवायचं आणि बॉम्ब लपवायचे, ही मुलांशी खोटेपणानं वागण्याची रीत झाली.

जांभळीनाका

वाचनखूण साठवली.

चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण 'आठवणी लिहा' म्हटलंत म्हणून आईचं सांगते. ७१ मध्ये आई नौपाड्यात चाळीत राहायची, शाळेत होती. ब्लॅकआऊटमध्ये खिडक्यांच्या काचांना काळे-तपकिरी कागद डकवले होते, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. आजोबा वागळे इस्टेटीत रात्रपाळीला जायचे, कारखान्याच्या काचाही काळ्या केलेल्या. भोंगा वाजला की सगळे जिन्याखाली. मुंबईच्या बाजूला आकाशात विमानविरोधी तोफांचे गोळे फुटताना तिनं गच्चीवरून पाहिले. आजीनं ओढत खाली नेलं तरी मान वरच.

तिला विमान एकही दिसलं नाही. आकाशात लाल ठिपके ओळीनं वर चढतात आणि विझतात, एवढंच दिसलं. हवाई युद्धाचं चित्र यालाही म्हणता येईल का?

रंगपेटी

@जांभळीनाका, म्हणता येईल आणि काढायलाही हवं! युद्धकाळातली बहुतेक माणसं विमानाच्या खाली असतात, कॉकपिटमध्ये नाही. आईंना एक विचाराल का, ठिपके सरळ रेषेत चढत होते की वाकत होते? आणि आवाज ठिपक्यांच्या आधी यायचा की नंतर? आठवणीतले असे बारकावे चित्रात फार उपयोगी पडतात.

@एकास बहात्तर, ठिपक्याची गोष्ट आमच्या चित्रकार मंडळींना वाचून दाखवणार आहे.

कोळसा आणि खडू (वाशी)

मी उपयोजित कला शिकवतो. विषय आवडीचा आहे, पण एक शंका स्पष्टपणे मांडतो.

बहुतेक विमानचित्रांत विमान सुंदर असतं. खालून सूर्य, वरती ढग, रिव्हेट न् रिव्हेट चकाकतोय. समोरचं विमान पेटलेलं, पण आतला माणूस दिसत नाही. तंत्र उत्तम असतं, पण पाहणाऱ्याला युद्ध म्हणजे चांगल्या हवामानातली कसरत वाटू लागते. अंतराचंही तेच. खऱ्या हवाई लढतीत दोन विमानांमध्ये काहीशे मीटरचं अंतर असतं. वैमानिकाला समोरचं विमान नखाएवढं दिसतं. चित्रकार दोन्ही विमानं एका चौकटीत मोठी दिसावीत म्हणून ती एकमेकांच्या उरावर आणून ठेवतो. अशा चित्राला दस्तऐवज म्हणायला मन तयार होत नाही.

माझ्या मते या विषयावरचं सर्वांत मोठं चित्र पॉल नॅश यांचं 'टोटेस मेअर', १९४०-४१चं. ऑक्सफर्डजवळ काउली इथे पाडलेल्या जर्मन विमानांचे सांगाडे गोळा करून टाकले होते. नॅशनी त्या ढिगाऱ्याचा चांदण्यातला समुद्र केला. पंखांच्या लाटा. त्यात एकही विमान उडत नाही, एकही माणूस नाही, तरी १९४०चं अख्खं आकाश त्यात कोसळलेलं आहे. ब्रिटनमध्ये १९३९ पासून सरकारी समिती नेमून युद्धचित्रकारांना कामं दिली जात होती. हेतू प्रचाराचाही होता, पण त्या समितीनं नॅशसारख्याला नॅशसारखं रंगवू दिलं. एरिक रॅव्हिलियस तर असाच नेमलेला चित्रकार. १९४२ मध्ये आइसलँडजवळ एका शोधविमानातून गेले ते परतलेच नाहीत. चित्रकाराची जोखीम म्हणतात ती ही.

आपल्याकडे अशी नेमणुकीची परंपरा रुजली नाही. रुजली असती तर ७१च्या युद्धातल्या तंगाईल, लोंगेवाला, श्रीनगर यांची समकालीन, डोळ्यांदेखत काढलेली रेखाटनं आज आपल्याकडे असती.

रंगपेटी

@कोळसा आणि खडू, अंतराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी आकाशातल्या लढती टाळते.

पण 'सुंदर विमान' या मुद्द्यावर थोडं भांडते. काकांशी बोलताना जाणवलं की त्यांचं हंटरवर प्रेम होतं, आजही आहे. आपण भरलेल्या तोफांनी कुणीतरी मरणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि विमान देखणं होतं हेही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी. मी विमान कुरूप रंगवलं तर काकांची साक्ष खोटी पाडल्यासारखं होईल.

अवांतर: हाताशी रेखाटनं मुळीच नाहीत असंही नाही. पहिल्या महायुद्धात लढलेले इंद्रलाल रॉय यांनी विमानांची रेखाटनं केली होती आणि त्यांतली काही जपली गेली आहेत. जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा हवाई विजय, आणि २२ जुलैला मृत्यू. वय १९. लढणाऱ्यानंच काढलेली चित्रं! आपल्या विमानचित्रांची सुरुवात मी तिथून धरते.

खारघरचा रहिवासी

मोठे लेख वाचतोय, भर घालण्याइतकं ज्ञान नाही. ११ ऑक्टोबर २०२४ला नवी मुंबईच्या विमानतळावर हवाई दलाचं सी-२९५ मालवाहू विमान पहिल्यांदा उतरलं आणि सुखोई घिरट्या घालून गेलं, तेव्हा आमच्या इमारतीची गच्ची भरली होती. माझी मुलगी तेव्हापासून विमानं काढते. तिला काय दाखवू? युट्यूब सोडून.

एकास बहात्तर

@खारघरचा रहिवासी, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नेऊन खरं मारुत विमान दाखवा. कुर्त टांक यांनी बंगळूरमध्ये रचलेलं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. वही-पेन्सिल सोबत द्या आणि फोटो काढू नका म्हणावं, बसून चित्र काढ. सुट्टीत गोव्याला गेलात तर दाबोळीचं नौदल विमान संग्रहालय चुकवू नका. तिथे विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे आहेत. ४ डिसेंबर १९७१ला कॉक्स बाजारवर हल्ला केला तो विक्रांतच्या विमानांनी.

पाना आणि पक्कड (कळवा)

हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून सेवा केली. ७१ नंतर भरती झालो, पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सगळे ७१चे.

धागाकर्तीनं जमिनीवरचा विषय निवडला याबद्दल मनापासून आभार. हवाई युद्धाच्या चित्रांत तंत्रज्ञ सापडत नाही. सापडला तर कोपऱ्यात, पाठमोरा, वैमानिकाला सलाम करताना. एका वैमानिकामागे जमिनीवर किती हात राबतात हे पाहणाऱ्याला कळतच नाही.

हंटरबद्दल थोडं सांगतो, चित्राला उपयोग होईल. त्याच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा असतात. चारही तोफा आणि त्यांच्या गोळ्यांच्या पेट्या मिळून एकच गठ्ठा, त्याला आम्ही गनपॅक म्हणायचो. विमान उतरलं की रिकामा पॅक खाली उतरवायचा आणि भरलेला वर चढवायचा. नळ्या मात्र विमानातच राहतात. सरावलेली टोळी दहा मिनिटांच्या आत पॅक बदलायची. नाकाखाली दोन फुगीर टोपणं दिसतात ती गोळ्यांच्या सुट्या कड्या गोळा करायला, म्हणजे त्या उडून विमानालाच लागू नयेत. चित्रात ती विसरू नका.

वास चित्रात येत नाही, पण काकांना स्टार्टरच्या इंधनाबद्दल विचारा. नाकाला झोंबणारा वास होता तो.

आणि एक. आम्हाला शिकवणारे जुने लोक सांगायचे की सर्वांत कठीण वेळ कामाची नव्हती, वाट बघण्याची होती. चार विमानं गेली की सगळे काही ना काही करत राहायचे, पण कान आकाशाकडे. आवाज आला की मोजायचं. एक, दोन, तीन. चौथ्यासाठी कुणी बोलायचं नाही. ज्या विमानाची देखभाल तुम्ही केली तेच आलं नाही तर 'माझ्या हातून काही राहिलं का' हा प्रश्न माणूस जन्मभर बाळगतो. वैमानिकाच्या घरी तार जाते. तंत्रज्ञाला कुणी काही विचारत नाही.

जांभळीनाका

वरचा प्रतिसाद वाचून काही सुचेना.

आईला विचारलं. ठिपके वाकत होते म्हणाली. आणि आवाज ठिपक्यांच्या नंतर यायचा. "आधी दिसायचं, मग धडधड" असं म्हणाली. स्वतःहून बोलत होती, कधी नव्हे ते तासभर.

संदर्भासहित (नेरुळ)

'फोटो खरा आणि चित्र कल्पित' ही समजूत किती कच्ची आहे, त्यासाठी तंगाईलचं उदाहरण देतो.

११ डिसेंबर १९७१. ढाक्याच्या उत्तरेला तंगाईलजवळ दुसऱ्या पॅराशूट बटालियनचा गट विमानांतून उतरवला गेला. एएन-१२, पॅकेट, डकोटा, कॅरिबू, मिळतील ती मालवाहू विमानं जुंपली होती. जगभरच्या वर्तमानपत्रांत आकाशभर छत्र्यांचा फोटो छापून आला आणि भारतानं अख्खी ब्रिगेड उतरवली असा समज पसरला. तो फोटो तंगाईलचा नव्हताच. आधीच्या एका सरावाचा, आग्र्याचा, फाइलमधला फोटो जनसंपर्काच्या माणसांनी दिला होता. शरणागतीच्या दिशेनं ढाक्यावर जो मानसिक दाब आला त्यात त्या फोटोचाही वाटा सांगतात.

म्हणजे फोटो खरा होता, प्रसंग दुसरा होता. आता समजा एखाद्या चित्रकारानं तंगाईलला उतरलेल्या जवानांना विचारून, कोणत्या विमानातून कोण उतरलं, किती उजेड होता, भातखाचरं होती की तळी, हे जुळवून चित्र काढलं, तर त्या प्रसंगाच्या अधिक जवळ कोण असेल?

सेखों यांचंही तसंच. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. सहा पाकिस्तानी सेबर विमानं तळावर आली, त्यांच्यावर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी छोट्या नॅट विमानातून झेप घेतली. सोबतचं विमान धुरळ्यात आणि विरळ धुक्यात दिसेनासं झालं, एकटेच लढले. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र. त्यांचं पार्थिवही मिळालं नाही. पण विरुद्ध बाजूच्या वैमानिकांच्या हकिकतींतही त्यांच्या लढतीचं कौतुक आहे, आणि चित्रकाराला ती बाजू वाचावीच लागते. लढतीतले वळणांचे क्रम फक्त तिथेच सापडतात. हे मला या कलेचं सर्वांत मोठं मोल वाटतं. शत्रूचं ऐकल्याशिवाय चित्र पुरंच होत नाही.

कोळसा आणि खडू

@संदर्भासहित, हा मुद्दा पटला. चित्राबद्दलचं माझं मत बदललं.

तरी आग्रह एकच. चित्रामागे लिहा. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कोणता भाग सांगोवांगीचा, कोणता कागदावरून घेतला, आणि कोणता चित्रकारानं जागा भरायला स्वतः घातला. परदेशात वैमानिकांच्या सह्या असलेल्या मर्यादित छापील प्रती निघतात, रॉबर्ट टेलर यांच्या चित्रांच्या तशा प्रती संग्राहक आवडीनं घेतात. सही म्हणजे एका अर्थी साक्षच. पण सहीत तपशील नसतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगणार आहे, मागची बाजू कोरी सोडायची नाही.

रंगपेटी

@पाना आणि पक्कड, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. वासाचं ऐकून ते हसले. मोजण्याबद्दल ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांना सांग, बरोबर आहे."

आता अडचण सांगते. काकांच्या सांगण्यानुसार ४ डिसेंबरच्या रात्री हाशिमाऱ्याला मिट्ट काळोख होता. दिवसभर हंटर ढाक्याच्या तेजगाव तळापर्यंत जाऊन आली होती. ब्लॅकआऊट, टॉर्चला निळा कागद गुंडाळलेला. गनपॅकचे खटके ते हातानं चाचपून लावत होते. मी त्याप्रमाणे कोळशानं पहिलं रेखाटन केलं, जवळजवळ काळंच. पण आमच्या ओळखीत आणखी एकांचे वडील त्याच सुमारास बागडोगरा तळावर होते आणि त्यांच्या जुन्या वहीत त्याच रात्रीबद्दल लिहिलंय की लख्ख चांदणं होतं, तळ उघडा पडल्यासारखा दिसत होता, भीती वाटत होती. दोन्ही तळ एकाच भागात, हिमालयाच्या पायथ्याशी. दोन्ही माणसं सरळ, खरं सांगणारी. कुणाचं धरू?

खारघरचा रहिवासी

ढग असतील का एकीकडे?

संदर्भासहित

पंचांग बघितलं का? २ डिसेंबर १९७१ला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. म्हणजे दत्तजयंतीचा आठवडा. ४ तारखेच्या रात्री वद्य तृतीयेच्या आसपासचा चंद्र. भरपूर मोठा, पण उशिरा उगवणारा. तिकडे डिसेंबरात सूर्य पाचच्या आधीच मावळतो आणि त्या रात्री चंद्र त्यानंतर साधारण दोन तासांनी वर आला असणार. संधिप्रकाश विझल्यापासून चंद्र उगवेपर्यंत पूर्ण अंधार.

पश्चिमेकडे लोंगेवाल्याची लढाई सुरू झाली ती त्याच रात्री, चांदण्यात. चंद्र सगळीकडे तोच.

पाना आणि पक्कड

जुळतंय. शेवटची उड्डाणं संध्याकाळी परतली की लगेच पॅक बदलायचे, सकाळसाठी विमान रात्रीच तयार ठेवायचं. म्हणजे आर्मररचं काम चंद्र उगवण्याआधीच्या त्या अंधारातच झालं असणार. चंद्र उगवेपर्यंत ते जेवायला गेलेले असतील. आणि वही लिहिणारा माणूस रात्रीच्या पहाऱ्यावर असेल तर त्याला चांदणंच दिसणार.

रंगपेटी

काकांना विचारून आले. दत्तजयंतीचं नाव काढताच म्हणाले, तळावरच्या मराठी मंडळींनी आरती केली होती, शिरा केला होता, आणि त्याच्या मागोमाग युद्ध सुरू झालं. चंद्राचं विचारलं तर जरा थांबून म्हणाले की मेसकडे चालत जाताना सावल्या पडल्या होत्या हे आता आठवतंय. विमानांच्या सावल्या. त्याआधी ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

बागडोगऱ्याच्या वहीत पाहायला सांगितलं. त्या रात्री वडील पहाऱ्यावरच होते.

तेव्हा एका चित्राची दोन चित्रं करते आहे. पहिलं सूर्यास्तानंतरचं, गनपॅक वर चढवणारी टोळी, निळ्या टॉर्चचा उजेड फक्त हातांवर. दुसरं चंद्र उगवल्यावरचं, तेच विमान, माणसं गेलेली, जमिनीवर सावली. दोन्हींच्या मागे दोघांच्या साक्षी वेगवेगळ्या लिहीन, आणि पंचांगाचा आधारही.

@पाना आणि पक्कड, एक तांत्रिक प्रश्न. पॅक वर चढवताना आर्मरर गुडघ्यांवर बसतात की वाकून उभे? हंटरचं पोट जमिनीपासून किती उंच असतं ते आराखड्यावरून कळतंय, पण शरीराची ठेवण आराखड्यात नसते.

पाना आणि पक्कड

एक गुडघा टेकलेला, दुसरा पाय मागे रोवलेला. एक जण पॅकच्या खाली मान तिरकी करून बघत असतो आणि हाताच्या इशाऱ्यानं वर, अजून वर, थांब असं सांगतो. बोलून उपयोग नसतो, शेजारच्या विमानाचं इंजिन चालू असतं. या रविवारी कोलशेतला येतो, काकांसमोर बसून दाखवतो. ते चूक असेल तर सुधारतील.

एकास बहात्तर

मीही येतो. एकास बहात्तर मापाचं हंटरचं मॉडेल घेऊन येतो, टॉर्च लावून सावल्या बघता येतील.

जांभळीनाका

आईला आणू का? तिला तोफांच्या ठिपक्यांबद्दल कुणालातरी सांगायचंय.

रंगपेटी

नक्की आणा. काकू म्हणाल्या आहेत, सगळ्यांनी जेवूनच जायचं. रेकॉर्डिंगसाठी फोन मी ठेवते, पण ज्याला रेखाटता येतं त्यानं वही आणावी. @कोळसा आणि खडू, तुमचे विद्यार्थी येणार असतील तर आधी कळवा.